आधी कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी: कॅलिफोर्नियात मानव्यविद्या शिकणाऱ्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

मुलीला इतिहास शिकायचाय किंवा मुलाला तत्त्वज्ञान, हे कळलं की आपल्या घरांत आधी काळजीचा सूर लागतो. त्यात कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचं, नाव निघालं तर विचारायलाच नको. पण कॅलिफोर्नियात पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात आणि पुढची दोन युनिव्हर्सिटीत, हा रस्ता राज्याने १९६० च्या मास्टर प्लॅनपासून आखून दिलेला आहे. शेवटी पदवी बर्कली, डेव्हिस किंवा सॅन होजे स्टेट अशा युनिव्हर्सिटीचीच मिळते.

खर्चात मोठा फरक पडतो. राज्यातल्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला (वर्गाचे श्रेयांक मोजायचं एकक) ४६ डॉलर फी आहे. ट्रान्स्फरसाठी, म्हणजे तिथून युनिव्हर्सिटीत जाण्यासाठी, ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. कुपर्टिनोचं डी आन्झा किंवा लॉस अल्टोस हिल्सचं फुटहिल यांसारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरहून छोट्या सत्रांच्या) कॉलेजांत ९० युनिट लागतात आणि एका युनिटला ३१ डॉलर पडतात. पुस्तकं, पार्किंग, आरोग्य शुल्क वेगळं.

कोणाला प्रवेश मिळतो

हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा १८ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही. कटऑफ नाही, एसएटी नाही. ‘सीसीसी अप्लाय’ या पोर्टलवरचा अर्ज फुकट आहे.

खरा प्रश्न रहिवासी ठरण्याचा असतो. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा आणि इथेच राहण्याच्या हेतूचा पुरावा द्यावा लागतो: राज्याचे टॅक्स रिटर्न, घराचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेची कागदपत्रं. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या, मुलांनाही असा रहिवास सिद्ध करता येतो. आपल्या कितीतरी कुटुंबांना हे ठाऊक नसतं आणि ती उगाच कितीतरी पट फी भरतात. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र एच-४ वर मिळत नाही. ‘फाफ्सा’ अर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे.

महाराष्ट्रातून बारावी करून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला परराज्याची फी पडते. त्याची कागदपत्रं अशी: पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, इंग्रजी परीक्षेचा निकाल, पालकांच्या बँक खात्याचा दाखला. त्यावर कॉलेज व्हिसासाठी लागणारा आय-२० हा प्रवेशाचा दाखला देतं, मग सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं ३५० डॉलर शुल्क भरून व्हिसाची मुलाखत. आल्यावर दर सत्राला किमान १२ युनिट घ्यावेच लागतात.

विषय निवडताना

इथे मी जरा थांबणार आहे, कारण चुका इथेच होतात. आर्ट्स आहे, काहीही घेतलं तरी चालेल, असा समज असतो. माझ्या भाचीने पहिल्या वर्षी साहित्य आणि तत्त्वज्ञानाचे आवडतील ते वर्ग घेतले, गुणही उत्तम मिळाले, आणि गणित शेवटच्या उन्हाळ्यावर ढकललं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसी, फॉल (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राच्या) प्रवेशासाठी किमान पात्रतेचे विषय त्याआधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण मागते. उन्हाळ्यातलं गणित त्यात धरलं जात नाही. तिचं एक वर्ष गेलं, आणि ते वाचवता आलं असतं याचं मला अजून वाईट वाटतं.

यूसीची किमान अट सात विषयांची आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि उरलेले चार कला-मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान यांपैकी किमान दोन गटांतून. प्रत्येकात सी किंवा वर. एकूण जीपीए (४ पैकी सरासरी श्रेणीगुण) रहिवाशाला २.४, बाहेरच्याला २.८. बर्कली आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रत्यक्षात याहून बरेच जास्त लागतात.

याशिवाय २०२५ च्या फॉलपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी ‘कॅल-गेटसी’ हा सर्वसाधारण विषयांचा, यूसी आणि कॅल स्टेट (राज्याची दुसरी युनिव्हर्सिटी व्यवस्था, सॅन होजे स्टेट तिच्यातलीच) यांचा सामायिक आराखडा आहे: ११ विषय, किमान ३४ युनिट. मानव्यविद्येच्या मुलांना त्यात अडतात ते गणित, भाषण-संवादाचा वर्ग आणि विज्ञानाची प्रयोगशाळा. माझं म्हणणं, हे तिन्ही पहिल्या वर्षातच उरकावेत. आवडीचे वर्ग कुठे जात नाहीत.

मेजरची, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाची, पूर्वतयारी ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावी. आपलं कॉलेज, हवी ती युनिव्हर्सिटी आणि मेजर निवडलं की कुठला वर्ग कशाच्या जागी धरला जातो ते समोर येतं. इतिहासासाठी एका कॅम्पसला जे चालतं ते दुसऱ्याला पुरेलच असं नाही. काही ठिकाणी परभाषेचीही अट असते. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी आपल्या शालेय गुणपत्रिका जपून ठेवाव्यात आणि त्या भाषेच्या अटीत धरल्या जातील का, हे काउन्सेलरला विचारावं.

अर्ज

दोन वाटा आहेत. कॅल स्टेटसाठी इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत ‘एए-टी’ ही ट्रान्स्फर पदवी घेता येते. २०१० च्या कायद्याने ती पूर्ण करणाऱ्याला कॅल स्टेटमध्ये जागेची हमी आहे, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही. अर्ज ‘कॅल स्टेट अप्लाय’वर, प्रत्येक कॅम्पसला ७० डॉलर.

यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा कॅम्पसांसाठी ‘टॅग’ हा हमीचा करार आहे. तो १ ते ३० सप्टेंबरमध्ये, एकाच कॅम्पससाठी करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग केलं तरी मुख्य अर्ज भरावाच लागतो, हे विसरून हमी घालवू नका.

यूसीचा मुख्य अर्ज १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर. मुदत कधी एक-दोन दिवस पुढे सरकते. शुल्क प्रत्येक कॅम्पसला ८० डॉलर, आंतरराष्ट्रीय अर्जदाराला ९५. सोबत चार छोटी उत्तरं, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. त्यातला एक प्रश्न मेजरच्या तयारीचा, तो सर्वांना सक्तीचा. इथे कोणता वर्ग, कोणता निबंध, कशामुळे विचार बदलला, असं नेमकं लिहावं. शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत.

आधी शिकलेलं प्रत्येक कॉलेज नोंदवावं लागतं. पुण्यात एफवायबीए अर्धवट सोडलं असेल तर तेही. ते लपवल्यास मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. इंग्रजी लेखनाचे दोन ट्रान्स्फरयोग्य वर्ग सी किंवा वरच्या श्रेणीने पूर्ण असतील, तर यूसीला वेगळी टोफेल लागत नाही.

जानेवारीत फॉलचे गुण आणि पुढचे वर्ग अद्ययावत करायची सूचना येते, ती ३१ जानेवारीच्या आत पूर्ण करावी. निकाल मार्च-एप्रिलमध्ये येतात, १ जूनपर्यंत होकार कळवायचा असतो आणि १ जुलैपर्यंत सर्व कॉलेजांच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्ट पोचायला हव्यात. भारतातून ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाकडे अर्ज मार्चमध्येच टाका. एफ-१ वरच्यांनी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला सांगून सेव्हिस नोंद नव्या युनिव्हर्सिटीकडे हलवून घ्यावी आणि तिथून नवा आय-२० मिळवावा.