पावागडावर कुत्र्याला नेण्याआधी
(सकाळच्या गडफेरीसाठी नाव नोंदवणाऱ्या ग्राहकांसाठी)

वडोदऱ्याहून साधारण 50 किलोमीटरवर, हालोलच्या पुढे, झाडीत बुडालेला पावागड. नवरात्रात बाईच्या रूपात गरबा खेळायला उतरलेल्या कालिकामातेचा पदर इथला राजा पताई रावळाने धरला आणि तिच्या शापाने राज्य बुडालं, ही गोष्ट इकडे लहान पोरालाही ठाऊक असते. इतिहास सांगतो की गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने वीसेक महिन्यांच्या वेढ्यानंतर 1484 मध्ये गड घेतला. पुढे तो शिंद्यांकडे आला आणि 1803 मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून जिंकला. आज उरल्यात कमानी, कोठारं, खचलेले दरवाजे आणि त्यांच्या सांध्यांत मुळं रोवून बसलेले पिंपळ. आपण हे सगळं डोळ्यांनी बघतो. कुत्रा नाकाने बघतो, आणि नाक कामाला लागलं की पायाखाली काय आहे याचं त्याला भान राहत नाही. खालच्या बहुतेक सूचना त्याचसाठी आहेत.

आधी नियम. चांपानेर-पावागड 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि इथल्या अनेक वास्तू संरक्षित आहेत. संरक्षित वास्तूच्या आत जनावर नेता येत नाही. म्हणून आमच्या फेरीत एका कुत्र्यामागे दोन माणसं लागतात: एकाने आत जाऊन बघायचं, दुसऱ्याने मोत्याला घेऊन बाहेर सावलीत थांबायचं, मग अदलाबदल. रखवालदाराने अडवलं तर हुज्जत न घालता मागे फिरायचं. मंदिरात कुत्रा नाही. रोपवेही धरून चालू नका. जितकं चढाल तितकं पायीच उतरायचं आहे. जांबुघोडा अभयारण्यात आम्ही कुत्रा नेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं आहे.

नवरात्र, चैत्रातली गर्दी आणि रविवार टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पहाटे 5 ला वडोदरा सोडायचं आणि 10 च्या आत खाली यायचं. उन्हात दगड तापतो. तळहाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो पंजांनाही सोसणार नाही.

पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जाती, वर्षाच्या आतली पिल्लं आणि माजावर आलेली मादी आम्ही घेत नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. पिल्लाची हाडं अजून वाढत असतात आणि पायऱ्यांचे हिसके त्यांना झेपत नाहीत. रेबीजची आणि लेप्टोस्पायरोसिसची लस चालू असल्याचं कार्ड दाखवावं लागेल.

आता पट्टा. नुसता गळपट्टा आणू नका. अंधाऱ्या दरवाजासमोर कुत्रा बिचकतो, चारही पाय रोवतो आणि मागे सरकतो. आपण पुढे ओढतो, आणि तेवढ्यात गळपट्टा कानांवरून सटकन निघून येतो. हे क्षणात होतं. छातीचा हार्नेस घ्या. आत दोन बोटं जातील इतका सैल असू द्या, तीन जायला लागली तर घट्ट करा. पाठीवर मूठ असली तर उंच पायरीवर उचलायला सोपं जातं. दोरी दीड ते दोन मीटरची, साधी, न ताणणारी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी बोरीबाभळीत आणि दगडांच्या फटीत अडकते, म्हणून नको.

दोरी हातातून सोडायची नाही, याचं कारण तटबंदी. आतून ती गुडघ्याएवढी दिसते आणि बाहेरच्या बाजूला दरी असते. खारीमागे धावणारा कुत्रा अंगणातला कठडा समजून उडी टाकतो. गवताने झाकलेली टाकी आणि कोठारांची खचलेली छतं यांचंही तेच. कमानीखाली शिरण्याआधी मान वर करून बघा: आग्यामोहोळ असेल तर आवाज न करता परत फिरायचं. वानरांसमोर खाण्याची पिशवी उघडू नका.

पाणी घरूनच न्या. 15 किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. चढावर तेवढंच आणखी धरा. दर वीस मिनिटांनी शंभर-दीडशे मिली द्या, एकदम पोटभर नको. वाव (पायऱ्यांची विहीर), टाकी, डबकं यांचं पाणी नाही; लेप्टोस्पायरोसिस तिथून होऊ शकतो. आणि हो, आपला लिलो चेवडो (ओला चिवडा) आपणच खायचा. त्यात बेदाणे असतात, आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या, चाल डगमगली, तर तो उष्माघात. लगेच सावलीत न्या, साधं पाणी पोटावर, मांड्यांवर, पंजांवर ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. ताप 104 फॅरनहाइटच्या वर असेल तर धोका. 103 वर आला की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे निघा. साप चावला तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. वेळ लिहून ठेवा, कुत्र्याला चालू न देता उचलून खाली आणा. गुजरातेत जनावरांच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर 1962. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही माणसांची औषधं कुत्र्याला अजिबात देऊ नका.

घरी आल्यावर अर्धा तास त्याच्यासाठी ठेवा. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. कुसळाचं टोक बाणासारखं असतं. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. चार दिवसांनी तिथे गळू होतं. कुत्रा पंजा चाटत राहिला किंवा एका बाजूला डोकं झटकत राहिला तर थांबू नका, दाखवून घ्या. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी यांपैकी काही नको. गोचिडीसाठी मानेवर टाकायचे थेंब फेरीच्या दोन दिवस आधी टाका, आणि त्याच्या आधी-नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको.

निघताना रिकामं पोट बरं, निदान तीन तास आधी खाणं झालेलं असावं. उतरून आल्यावरही धाप थांबेपर्यंत वाटी पुढे ठेवू नका.