किल्ल्यांच्या भग्नावशेषांची रेखाटने (स्वच्छंदतावादी)

यूरोपात स्वच्छंदतावादाच्या (भावना व कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलाप्रवाहाच्या) काळात, सु. १७७० ते १८५० दरम्यान, पडक्या किल्ल्यांची पेन्सिल, शाई व पातळ जलरंगांत काढलेली चित्रे. जागेवर झरझर टिपलेली रेखाटने आणि त्यांवरून पुढे रंगवलेली किंवा छापलेली चित्रे यांचा एकत्रच विचार केला जातो.

या आवडीचा उगम बहुधा विल्यम गिल्पिन या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या लेखनात शोधतात. सॅम्युएल व नॅथॅनिएल बक या बंधूंचे किल्ल्यांचे ताम्रपट-ठसे (तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे) त्याआधीचे. पण त्यांचा हेतू मुख्यतः नोंदीचा होता. गिल्पिनचे वाय नदीकाठच्या प्रवासाचे वर्णन १७८२ मध्ये प्रसिद्ध झाले. रेखीव, गुळगुळीत वास्तू चित्रात शोभायची तर छिन्नी ठेवून हातोडा उचलावा लागेल, असे त्याचे मत होते. चित्रात शोभण्याचे हे सौंदर्य नेमके कोठे असते, यावर पुढे इंग्लिश लेखकांत वाद झाला. यूव्हडेल प्राइस (१७९४) याने खडबडीतपणा व अनियमितपणा हे वस्तूचेच गुण मानले. रिचर्ड पेन नाइट याने ते पाहणाऱ्याच्या मनातील, विशेषतः चित्रे पाहून रुजलेल्या साहचर्यांत (एका गोष्टीवरून दुसरी आठवण्यात) शोधले. किल्ल्यांपुरते तरी नाइटचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. ढासळलेले तट शतकानुशतके उभेच होते, त्यांचे आकर्षण मात्र नवे होते.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धांमुळे (१७९३–१८१५) इंग्लिश चित्रकारांना यूरोपखंडातील प्रवास दुष्कर झाला व ते वेल्स आणि उत्तर इंग्लंडकडे वळले. जे. एम. डब्ल्यू. टर्नर याने ट्वीड नदीवरील नॉरम किल्ला १७९७ मध्ये प्रथम रेखाटला. हा विषय त्याने आयुष्यभर सोडला नाही. त्यावरील अखेरचे तैलचित्र सु. १८४५ चे मानतात. त्यात किल्ला म्हणजे धुक्यातील निळसर छटा एवढाच उरतो. हे चित्र १९०६ पर्यंत प्रदर्शितच झाले नव्हते, त्यामुळे त्याला पूर्ण कृती म्हणावे की नाही, हा प्रश्न राहतो.

जर्मनीत हायडलबर्गचा किल्ला या परंपरेचे मुख्य क्षेत्र ठरला. फ्रेंच सैन्याने १६८९ व १६९३ मध्ये त्याची नासधूस केली. १७६४ मध्ये वीज पडून उरलेला भाग जळाला. सुरुंगाने फुटलेल्या बुरुजाचे जर्मन कवी गटे याने १७७९ मध्ये रेखाटन केले. शार्ल द ग्रँबेर हा फ्रेंच चित्रकार १८१० मध्ये येथे आला आणि अखेरपर्यंत राहिला. त्याच्या रेखाटनांवरून केलेले ठसे प्रवासी विकत घेत. किल्ल्याचे दगड बांधकामासाठी उचलून नेण्यास त्याने विरोध केला. १९०० च्या सुमारास पुनर्बांधणीचा प्रश्न निघाला, तेव्हा कला-इतिहासकार गेओर्ग डेहिओ याने अवशेष आहेत तसे जपण्याचा आग्रह धरला. चित्रांनी घडवलेली अभिरुची येथे प्रत्यक्ष जतनाच्या धोरणात उतरली, असे म्हणता येईल.

हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही याच दृष्टीने किल्ले टिपले. रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले याच्या १८२६ पासून निघालेल्या ॲक्वाटिंट (धातूचा पत्रा आम्लाने कोरून जलरंगासारख्या छटा छापण्याची पद्धत) चित्रसंग्रहात दौलताबाद आहे.