वाफारा आणि धूर: टेबलावरच्या व्हेपोरायझरची पार्श्वभूमी

म्हापशातल्या माझ्या औषधांच्या दुकानात पावसाळा लागला की वाफाऱ्याची छोटी यंत्रं हातोहात जातात. गेल्या जुलैत एक ओळखीच्या बाई असंच यंत्र न्यायला आल्या होत्या. पैसे देता देता त्यांनी मोबाइल पुढे केला. "दादा, हे काय असतं हो? आमच्या पोराने मित्राकडे पाहिलं म्हणे. वाफाऱ्याचंच मशीन ना?" फोटोत स्टीलचा एक चकचकीत शंकू होता आणि त्याच्या टोकावर पांढुरक्या वाफेने फुगलेली पारदर्शक पिशवी. ते व्होल्कॅनो होतं, गांजाच्या फुलांतून धूर न करता वाफ काढणारं जर्मन यंत्र, म्हणजे व्हेपोरायझर. तत्त्व वाफाऱ्याचंच आहे, पण आपल्याकडे हे विकणंसुद्धा गुन्हा आहे, एवढंच त्यांना सांगितलं. मागे गिऱ्हाइकं उभी होती. राहिलेलं सांगणं इथे लिहितो, कारण हा प्रश्न आता एकट्या त्यांचा राहिलेला नाही.

तापवून वाफ घेण्याची कल्पना जुनी आहे, अगदी फार जुनी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने शक लोकांच्या एका रिवाजाचं वर्णन केलंय. काठ्या रोवून वर लोकरीचे नमदे टाकायचे, आत लालबुंद तापलेले दगड ठेवायचे, त्यांवर भांगेचं बी टाकायचं आणि आत शिरून बसायचं. डोक्यावर चादर ओढून पातेल्यापुढे बसणाऱ्या आपल्या घरच्या वाफाऱ्याची ही थोरली बहीण. बरीच शतकं लोकांना ही ऐकीव गोष्ट वाटायची. मग १९४० च्या दशकात सर्गेई रुदेन्को यांनी अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या थडग्यांचं उत्खनन केलं, आणि बर्फात गोठून राहिलेल्या काठ्या, दगड भरलेलं भांडं आणि जळकं बी हातात आलं. २०१९ मध्ये पामीरमधल्या जिरझांकल दफनभूमीतल्या सुमारे २,५०० वर्षांपूर्वीच्या लाकडी धुपाटण्यांत टीएचसी, म्हणजे गुंगी आणणारा मुख्य घटक, भरपूर असलेल्या भांगेच्या खुणा सापडल्या. तापल्या दगडावर पडलेल्या बियांतून वाफ आणि धूर दोन्ही एकत्रच उठत असणार. ते वेगळे करायचं साधन यायला मात्र पुढची अडीच हजार वर्षं गेली.

आता गोव्याकडे येतो. पणजीच्या चर्च स्क्वेअरमधल्या बागेला ज्यांचं नाव आहे ते गार्सिया द ओर्ता पोर्तुगीज वैद्य होते. हिंदुस्थानातल्या औषधींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक प्रकरण आहे. आपल्या नोकरांनी आपल्याला न कळत भांग घेतली आणि कामाचा शीण वाटत नाही, मन आनंदात राहतं, भूक लागते असं सांगितलं, ही नोंद ओर्तांनी केलीय. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाचीही गोष्ट आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान फिरून यायचं मनात आलं की आपण थोडी भांग खातो, असं तो मार्तिं अफोंसु द सोझा या पोर्तुगीज सरदाराला म्हणाला होता. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ओर्तांच्या पानांवर भांग खाल्ली जाते, प्यायली जाते. ओढली जात नाही.

ओढणं रुळलं ते तंबाखूबरोबर, आणि तंबाखू आपल्याकडे आणला पोर्तुगिजांनी. आयुर्वेदात औषधी धूमपान आधीपासून होतंच, पण चिलीम गावोगाव पोचली ती तंबाखूचं बोट धरून. चिलमीची रचना पाहिली की वाटतं, धुराशी माणसाचं भांडण तेव्हापासूनच चाललंय. तळाशी खडा, म्हणजे निखारा तोंडात येऊ नये. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी, म्हणजे धूर गार व्हावा आणि राख अडावी. छापी तेवढंच करते. कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून सरळ आरपार जातो, डांबराचाही मोठा भाग जातो. ओल्या फडक्याने जळणं थांबत नसतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण, कळंगुट, वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी आले आणि हीच चिलीम त्यांच्यामार्फत युरोपात पोचली. त्या दिवसांवर इतकं लिहून झालंय की इथे पुन्हा नको. लक्षात ठेवायची तारीख १४ नोव्हेंबर १९८५. त्या दिवशी अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा लागू झाला, आणि गांजा व चरस बाळगणं, विकणं, ओढणं देशभर गुन्हा ठरलं. नुसत्या पानांची भांग त्या व्याख्येतून बाहेर राहिली.

वाफ आणि धूर यांत नेमका फरक काय, हे मला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काजूच्या भट्टीवर जितकं स्वच्छ कळलं तितकं पुस्तकात कळलं नव्हतं. मार्च-एप्रिलात बोंडू तुडवून काढलेला रस आंबला की तो भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, भरतात आणि खाली लाकडांचा जाळ करतात. वाफ नळीने पाण्यात ठेवलेल्या लावणी नावाच्या भांड्यात उतरते आणि थंड होऊन हुर्राक, म्हणजे काजूची दारू, होतो. माझ्या सासुरवाडीचे एक वयस्क भट्टीवाले भाणाला हाताची पाठ जेमतेम टेकवून जाळ मोजायचे. जरा वाढला वाटला की लाकूड ओढून बाजूला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जाळ चढला तर तळ करपता, आनी ती करप सगळ्या दारवेंत येता." हवं ते उडून वर आलं पाहिजे आणि नको ते खाली भाणातच राहिलं पाहिजे. त्यांचं सगळं कसब त्या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात होतं.

गांजाच्या फुलाचंही तसंच आहे. फुलावरच्या बारीक ग्रंथींत राळ असते आणि तिच्यात सगळे सक्रिय घटक. टीएचसीची रचना १९६४ मध्ये राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये उलगडली. ताज्या फुलात टीएचसी असतं ते मुख्यतः आम्लरूपात. उष्णतेने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मग ते खरं टीएचसी होतं. व्हेपोरायझर साधारण १८० ते २१० अंश सेल्सिअसला चालतात. एवढ्यात राळ वाफ होऊन निघते, पण पान-काडी पेट घेत नाही. पेटत्या चिलमीच्या तोंडाशी तापमान याच्या कित्येक पट असतं, आणि तिथे भाण करपलेलंच असतं.

आधुनिक यंत्राची सुरुवात एका कामगारी हत्याराने झाली. १९९० च्या दशकात ईगल बिल आमाटो नावाचे अमेरिकी गृहस्थ रंग उडवायची हीट गन घेऊन वाफ काढून दाखवायचे. पुढे ॲम्स्टरडॅमच्या भांगेच्या संग्रहालयात त्यांची ही प्रात्यक्षिकं गाजली. त्याच सुमारास कॅनडात बीसी व्हेपोरायझर आला, आणि दशक संपता संपता अमेरिकेत व्हेपर ब्रदर्सचा लाकडी डबा आला. आत सिरॅमिकचा तापणारा दांडा, बाहेर काचेची नळी आणि तिला लांब रबरी पाइप. ओढणाऱ्याने श्वास घेतला की हवा तापून फुलातून जायची. तापमान एका फिरत्या बटणावर, अंदाजाने. किती ओढलं, किती आत गेलं, याचा हिशेब मात्र कुणाकडेच नव्हता.

हा हिशेब दिला जर्मनीतल्या टुटलिंगेनने. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्यासाठी जगभर नाव असलेलं हे गाव. तिथल्या मार्कुस श्टोर्झ यांनी घडवलेला व्होल्कॅनो २००० च्या आसपास बाजारात आला आणि पुढे युर्गन बिकल भागीदार झाले. त्यांनी ओढायचं काम माणसाकडून काढून पंप्याला दिलं. पंपा ठरलेल्या तापमानाची हवा फुलातून एकसारखी ढकलतो आणि वाफ पिशवीत साठते. माणूस पिशवी सोडवून घेतो आणि सावकाश श्वास घेतो. छाती जोरात भरता आली काय नि नाही काय, मात्रा तीच. आजारी माणसासाठी हा फरक केवढा मोठा आहे!

तो मी प्रत्यक्ष पाहिला. माझा मामेभाऊ श्टुटगार्टजवळ राहतो. त्याच्या सासूबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, रात्री पायांत असह्य पेटके यायचे. मार्च २०१७ पासून जर्मनीत डॉक्टर गांजाची फुलं लिहून देऊ शकतात. त्यांना ती मिळत होती आणि जोडीला यंत्राची वैद्यकीय आवृत्तीही. सूनबाईने फुलं छोट्या गिरणीत दळली, वजनकाट्यावर मोजली, डबीत भरली. यंत्र तापायला चारेक मिनिटं. मग पंप्याची घरघर आणि पिशवी उशीसारखी उभी राहिली. खोलीत वास होता तो गवत आणि लिंबाच्या सालीसारखा, जळक्याचा अजिबात नाही. शेवटी डबी उघडून दाखवली तर आत राख नव्हती. भाजलेल्या धण्याच्या रंगाचा कोरडा चुरा होता. म्हातारीने नीट झोप लागल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तिच्या लेकीचे डोळे भरून आले होते.

यंत्रांची तुलना करताना लोक आधी किंमत आणि ब्रँड विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न उष्णता फुलापर्यंत कशी पोचते हा असावा. शाळेत शिकलेलंच आहे: वहन आणि अभिसरण. वहनात फूल तापल्या भिंतीला टेकतं. यंत्र स्वस्त आणि छोटं होतं, पण भिंतीजवळचं फूल करपतं आणि मधलं कच्चं राहतं, म्हणून मधेच ढवळावं लागतं. अभिसरणात गरम हवा सगळीकडून जाते, फूल एकसारखं सुकतं. टेबलावरची चांगली यंत्रं बहुतेक अभिसरणाची आहेत. भिंतीतल्या प्लगवर चालत असल्याने मोठा हीटर आणि स्थिर तापमान त्यांना परवडतं. खिशातल्या यंत्राला बॅटरीत ते सहज जमत नाही. दुसरा प्रश्न पिशवी की नळी. नळीत वाफ ताजी मिळते, पण श्वासाच्या वेगाबरोबर तापमान हलतं. पिशवीत मोजमाप नेटकं, मात्र थोड्या वेळाने वाफ पिशवीच्या आतल्या अंगाला चिकटू लागते. कॅनडाच्या अरायझर कंपनीने एकाच यंत्रात दोन्ही दिलं, आणि २०१९ च्या व्होल्कॅनो हायब्रिडनेही तेच केलं. औषध म्हणून वापर असेल तर मी पिशवीकडेच झुकेन.

अभ्यासही बहुतेक व्होल्कॅनोवरच झाले. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांना दिसलं की भरलेल्या शुद्ध टीएचसीपैकी साधारण ५४ टक्के पिशवीत उतरतं. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड एब्रम्स यांनी १८ निरोगी माणसांवर तुलना केली. रक्तातलं टीएचसी धूम्रपानाइतकंच, पण कार्बन मोनॉक्साइड खूपच कमी. आणि २०१८ चा जॉन्स हॉपकिन्सचा अभ्यास तर प्रत्येकाने वाचावा असा आहे. क्वचित गांजा घेणाऱ्या १७ जणांना तीच मात्रा धुरातून आणि वाफेतून दिली, तर वाफेतून रक्तात टीएचसी जास्त चढलं आणि गुंगी, गोंधळही जास्त झाला. धूर कमी म्हणजे परिणाम सौम्य, हा समज चुकीचा आहे. त्या बाईंच्या पोराला मला हेच आधी सांगायचं होतं.

अर्काची गोष्ट वेगळी आणि जास्त जपून सांगायची. हाताने चोळून काढलेला चरस हा आपल्याकडचा जुना अर्क. भारतात बरीच वर्षं राहिलेल्या मिला यान्सेन या डच बाईंनी नव्वदच्या दशकात ॲम्स्टरडॅममध्ये कपडे वाळवायच्या यंत्राच्या धर्तीवर राळ चाळून काढणारं पिंप बनवलं. मग ब्युटेन वायूने काढलेलं तेल आलं, आणि पुढे नुसत्या दाबाने व उष्णतेने पिळलेलं रोझिन. या अर्कांत टीएचसी फुलाच्या कित्येक पट असतं. ते ओढायला आधी टायटॅनियमचा खिळा गॅसच्या बर्नरने लाल करायचे. २०१७ मध्ये पोर्टलंडच्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की इतक्या उष्णतेत टर्पीन हे सुगंधी घटक मोडतात आणि बेंझीन, मेथाक्रोलीन ही घातक द्रव्यं तयार होतात. म्हणजे इथेही करपलंच. नंतर तापमान धरून ठेवणारे विजेचे खिळे आले. फुलांच्या टेबली यंत्रात अर्कासाठी बारीक स्टीलच्या जाळीची चकती मिळते, पण ती सोय आहे, मूळ काम नव्हे. फुलासाठी एक आणि अर्कासाठी दुसरं यंत्र, हाच विभाग आजवर टिकलाय.

२०१९ साली अमेरिकेत व्हेपोरायझरच्या काडतुसांतल्या तेलाने अनेकांची फुफ्फुसं निकामी झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य संशय तेल पातळ करायला घातलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर ठरला. ही यंत्रं खिशातली होती, टेबलावरची नव्हेत. तरी वाफ म्हटली की निरुपद्रवी, हा भाबडेपणा त्या साली संपायला हवा होता.

त्याच वर्षी, १८ सप्टेंबरला, भारत सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि डिसेंबरात कायदा झाला. नाव ई-सिगारेटचं असलं तरी व्याख्या मोठी आहे: निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासाने घ्यायची वाफ करणारं विजेचं साधन. त्यामुळे टेबलावरचं यंत्रही त्यात येतं. आयात, विक्री, जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्रात घालायचं फूल एनडीपीएसखाली गांजा, आणि अर्क थेट चरसाच्या व्याख्येत, कारण हशीशचं तेल तिथे नावानिशी आहे. गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत धरतात, चरसाचं १०० ग्रॅमपर्यंत. त्या अल्प प्रमाणालाही शिक्षा आहेच.

गोव्यात २०२० च्या डिसेंबरात औषधासाठी भांगेची नियंत्रित लागवड करण्याच्या प्रस्तावाची चर्चा उठली, विरोध झाला आणि ती तिथेच थांबली. आयुष परवान्याने पानांपासून केलेली विजयाची, म्हणजे भांगेची, तेलं मात्र चिठ्ठीवर मिळतात, आणि मी ती ठेवतो. ई-सिगारेटच्या कायद्याने औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना असलेल्या वस्तूंना सूट दिलीय. असा परवाना छापलेलं एकही व्हेपोरायझर अजून माझ्या काउंटरवर आलेलं नाही.