पोफळीची वीज मुंबई पळवते?

“वीज आमच्या पोफळीत बनते आणि उजेड मुंबईला, म्हणून चिपळुणात काळोख.” हे लहानपणापासून ऐकतोय. चिपळूणजवळच्या पोफळीत कोयना प्रकल्पाचं वीजघर आहे आणि हा प्रकल्प १,९६० मेगावॅटचा, हे खरं. पण तिथून निघालेल्या विजेवर कुणाचं नाव नसतं. ती ग्रिडमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, मिसळते, आणि ३१ डिसेंबर २०१३ पासून दक्षिणेसह देशभर ग्रिड एकच आहे. कोयनेची यंत्रं मुख्यतः जादा मागणीच्या वेळी फिरतात. ती थांबली तरी आपला पंखा चालूच.

मग मृगाच्या पहिल्या सरीला वीज जाते कशी? ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेवर फणसाची फांदी पडते, तार खांबापासून अलग ठेवणारा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकतो, आणि फीडर, म्हणजे गावाकडे वीज आणणारी वाहिनी, ट्रिप होऊन आपोआप बंद. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती, पारेषण (वीज लांबवर वाहून नेणं), वितरण वेगळ्या कंपन्यांकडे गेलं. गावातले खांब वितरणवाल्यांचे. पोफळीला शिव्या घालून फांदी हलत नाही. आमचे काका तरी घालतातच.