देवगिरी, कुत्बाबाद, दौलताबाद

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की वाटेत एक शंकूसारखा एकटा डोंगर समोर येतो. जवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव दौलताबाद. पण मराठवाड्यातून मुंबईला जाणारी गाडी मात्र देवगिरी एक्सप्रेस. एकाच जागेची ही दोन नावं सातशे वर्षं शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

यादवांची आधीची राजधानी सिन्नर. पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचं मांडलिकत्व झुगारलं आणि ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी वसवली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचं नाव येतं, तो इथलाच. ती ओवी १२९०ची. पुढच्या सहाच वर्षांत अलाउद्दीन खलजी गडाच्या पायथ्याशी येऊन ठेपला. वेढ्यासाठी धान्य म्हणून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं सांगतात. खंडणी देऊन राजा वाचला, राज्य मात्र खिळखिळं झालं आणि १३१८ पर्यंत यादवांचा वंशच सिंहासनावरून गेला.

पहिलं नामांतर तेव्हाचं. कुत्बुद्दीन मुबारकशाह खलजीने स्वतःवरून कुत्बाबाद हे नाव दिलं, नाण्यांवरही पाडलं. ते लोकांच्या तोंडी काही बसलं नाही.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद, म्हणजे वैभवाचं शहर. शाळेत आपण हा केवळ वेडेपणा म्हणून शिकलो. मला ते पटत नाही. दक्षिणेत पसरलेलं राज्य दिल्लीतून सांभाळणं अवघड होतं आणि असा अभेद्य गड दुसरा नव्हता. चुकलं ते माणसांना सक्तीने हलवण्यात. इथे येऊन गेलेल्या इब्न बतूताने शहराचे तीन भाग सांगितले आहेत: दौलताबाद, कटक आणि वरचा किल्ला. किल्ल्याला तो देवगिरीच म्हणतो! नवं नाव पडूनही जुनं गडावर टिकलं होतं.

१३४७ ला बहमनी राज्याची सुरुवात इथेच झाली. पुढे निजामशाही, १६३३ ला मुघल. कारभाराच्या कागदांत सगळ्यांनी दौलताबादच ठेवलं, म्हणून ते टिकलं.

आजही खंदक ओलांडून अंधारीत, म्हणजे गडावर जाणाऱ्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलं की वटवाघळांचा उग्र वास येतो. बाहेरच्या ताशीव कड्यावर छिन्नीच्या खुणा हाताला लागतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते, त्यांची समाधी वर आहे. तिच्या दर्शनाला चढणारा भाविक 'देवगिरीला आलो' असंच म्हणतो.