गायन पार्ट्यांचा सामना (मराठवाडा)

दोन गायन पार्ट्यांना (भीमगीते-कव्वाल्या गाणाऱ्या मंडळ्यांना) एकाच रात्री एका मंचावर किंवा समोरासमोरच्या दोन मंचांवर बसवून आळीपाळीने गायला लावण्याची प्रथा. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, उरूस आणि गावजत्रा हे तिचे मुख्य प्रसंग. भित्तिपत्रकांवर ती ‘जंगी सामना’ किंवा ‘कव्वालीचा मुकाबला’ म्हणून जाहीर होते. कोणत्या गायकाच्या नावावर किती माणूस जमतो, याचा निवाडा या भागात मुख्यतः सामन्यातच होत आला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार सामना आंबेडकरी जलशातून, म्हणजे गाणी-संवादांतून आंबेडकरी विचार सांगणाऱ्या लोकरंजनाच्या प्रकारातून, निघाला. सत्यशोधक जलशांची पूर्वपरंपरा लाभलेला हा प्रकार १९३० च्या दशकाच्या आरंभी भीमराव कर्डक यांनी नाशिक-मुंबई भागात रुजवला. आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेबांचे उद्गार सांगितले जातात. गर्दीची तुलना करण्याची हौस तेव्हापासूनची म्हणायला हरकत नाही. मात्र मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानामुळे परवानगीवाचून सभा भरवता येत नसे. त्यामुळे येथे जलसे मोकळेपणाने फिरू लागले ते सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, आणि गावोगाव पोचले ते बहुधा १९५६ च्या धर्मांतरानंतर असावेत.

दुसरे मत शाहिरांच्या कलगी-तुऱ्याकडे जाते. तुरेवाले पुरुषतत्त्वाची, तर कलगीवाले प्रकृतीची बाजू घेऊन एकमेकांना कूटप्रश्न घालीत. सामन्यातील सवाल-जवाब त्याच वळणाचे आहेत. परंतु कलगी-तुऱ्यात डफ-तुणतुण्यासह उभ्याने गातात, तर गायन पार्टी बैठकीची असते.

बैठकीचा हा मुद्दा तिसऱ्या मताला बळ देतो. मुख्य गायक पुढे, मागे ओळीने कोरस, कोरसची टाळी, हार्मोनियम आणि ढोलकी-तबल्याच्या जोडीला बेंजो (म्हणजे कळा दाबून वाजवायचे बुलबुलतरंग) ही मांडणी जलशाची नव्हे, कव्वालीची आहे. मराठवाड्यात खुलदाबाद, कंधार, परभणी, धाराशिव येथील उरुसांमुळे कव्वालीचा कान सर्व समाजांत होता. त्यात १९६० च्या आसपास हिंदी चित्रपटांतील कव्वाली-मुकाबल्यांची लाट आली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे गायक भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाली सारख्याच ताकदीने गात, हेही येथे ध्यानात घ्यावे. आशय जलशाचा आणि बांधणी कव्वालीची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

सामन्याची रीत प्रसिद्धच आहे. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या रचना दोन्ही बाजूंना पाठ असल्याने सरशी ठरते ती ऐन वेळी जोडलेल्या शेरावर. समोरच्याच्या मुखड्यातला शब्द उचलून त्याच चालीत उत्तर बसवले, की मंडपातून नोटा येऊ लागतात. नोट देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम माइकवर पुकारली जाते. कसलेला गायक ही नावे ताल न मोडता दोन ओळींच्या मधल्या जागेत बसवतो; नवख्याचे गाणे तिथेच तुटते.

मागणी मोजण्याच्या पद्धतीबाबत थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. जागतिक पातळीवर गायकांच्या दौऱ्यांची तुलना तिकिटांवरून होते, आणि तीही सरळ नसते. टेलर स्विफ्ट यांच्या २०२३-२४ च्या दौऱ्यात १४९ प्रयोगांत दोन अब्ज डॉलरांहून अधिक गल्ला झाला. कोल्डप्ले या वाद्यवृंदाने २०२२ पासूनच्या दौऱ्यात स्विफ्ट यांच्याहून जास्त तिकिटे, एक कोटी वीस लाखांवर, विकली, पण गल्ला त्यांच्याहून कमी राहिला. मराठवाड्यात तिकिटाची ही फूटपट्टी चालते ती तंबूच्या तमाशाला. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लागलेल्या फडांपैकी (तमाशा मंडळ्यांपैकी) कोणाचा तंबू भरला, हे गल्ल्यावरून कळते. गायन पार्टीचा कार्यक्रम फुकट असतो. तेथे पाहायची ती सुपारी, म्हणजे ठरलेली बिदागी आणि तिच्यापोटी दिलेला इसार. म्हणून फड आणि पार्टी यांची एका यादीत केलेली क्रमवारी विश्वसनीय मानता येत नाही.

सुपारीच्या रकमेपेक्षाही तारीख बोलकी असते. १४ एप्रिलची रात्र मोठ्या शहरांकडे जाते. खेड्यांतील जयंत्या मे अखेरपर्यंत, कोठे जूनपर्यंतही लांबतात. ऊसतोडीला गेलेली माणसे परतलेली असावीत आणि मनाजोगत्या गायकाची तारीख मिळावी, ही त्याची दोन कारणे. नामी पार्टीसाठी गाव जयंती पुढे ढकलते, साधारण पार्टीला मात्र गावाची तारीख पाळावी लागते. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले; त्यानंतर विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर दरवर्षी होणाऱ्या मेळ्याने आणखी एक कसोटी दिली. तेथे मंच अनेक असतात आणि श्रोता एका मंचाकडून दुसऱ्याकडे चालत जातो. अशी उघड तुलना अन्यत्र क्वचितच होते.

गायिकांच्या पार्ट्यांची माहिती त्रोटक आहे. पुरुष-स्त्री सामन्यांना गर्दी अधिक होई, एवढे सर्वमान्य दिसते.

ध्वनिक्षेपकांवर रात्री दहानंतर निर्बंध घालणारे नियम २००० मध्ये आले. राज्य सरकारला वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. त्याआधी सामना उजाडेपर्यंत चाले आणि पहाटे कोणासमोर माणूस बसून राहिला, यावर निकाल लागे. वेळ आखडल्याने सवाल-जवाबांच्या फेऱ्या घटल्या, कीबोर्ड व ऑक्टोपॅड (विजेवर चालणारे तालवाद्य) यांचा ठेका वाढला आणि बेंजो मागे पडला. तारीख घेण्यापूर्वी जयंती समित्या आता यूट्यूबवरील दर्शकसंख्या पाहतात. परंतु तो आकडा जिल्हावार कळत नसल्याने शेजारच्या गावात त्या पार्टीला किती माणूस होता, याची चौकशी आजही केली जाते.