पॉड टॅक्सी म्हणजे बिनचालकाची मोटार नव्हे

गणपतीला गावी येताना माणगावच्या रांगेत दोन-तीन तास काढले की बिनचालकाच्या गाड्या आल्या म्हणजे सुटलो, असं कोणालाही वाटतं. आमचा बंड्या तर सगळं एकाच टोपलीत टाकतो: "पॉड टॅक्सी म्हणजे तीच ना, अमेरिकेतली, स्टिअरिंग आपोआप फिरतं ती?" नाही रे बाबा. पॉड म्हणजे स्वतःच्या वेगळ्या वाटेवर बिनचालक धावणारा चार माणसांचा छोटा डबा.

ती मोटार तुमच्या-आमच्याच रस्त्यावर धावते. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये वेमो कंपनीने 2020 साली चालकाविना टॅक्सी लोकांना खुली केली. कॅमेरे, रडार, लेसर लावून समोरचं सगळं तिने स्वतः ओळखायचं. आपल्याकडे जुलैत रस्त्यावरचे पांढरे पट्टे पुसलेले आणि वळणावर म्हैस रवंथ करत बसलेली. खरी परीक्षा तिथे. मोटार त्यात पास झाली तरी रस्त्यावरची जागा तेवढीच अडवणार. शिवाय गिऱ्हाईक सोडून रिकामी परतणार, ती गर्दी वेगळीच.

पॉडला म्हैस भेटतच नाही, कारण त्याची वाट स्वतंत्र. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर 2011 पासूनची अशी वाट आहे: टर्मिनल 5 ते पार्किंग, एकूण मार्ग सुमारे 4 किलोमीटर, 21 पॉड, प्रत्येकात चार माणसं. खरी गंमत स्थानकाची. आपली दिवा-सावंतवाडी गाडी लूपवर उभी असते, आपण भजी खातो, आणि मेन लाइनवरून राजधानी धडधडत निघून जाते, तसंच हे. थांबणारा पॉड बाजूच्या फाट्यावर शिरतो, मागचे न थांबता पुढे जातात. फरक एवढाच, की इथे ताटकळत कोणी बसत नाही. तुम्ही बसता ते थेट उतरायच्या ठिकाणीच दार उघडतं.

म्हणजे पॉड रस्त्यावरची गर्दी उचलून दुसरीकडे नेतो, मोटार त्याच गर्दीत मिसळते. पण वेगळी वाट बांधायची म्हणजे खांब, जागा, पैसा. कोकण रेल्वेने मडगावला रुळांखाली लटकणाऱ्या स्कायबसचा प्रयोग केलाच होता. 2004 मध्ये चाचणीत अपघात होऊन एक जण गेला आणि पुढे ते सगळं मोडीत निघालं.

बंड्याला आता रत्नागिरी स्टेशनापासून गावात पॉड हवाय. अंतर बेताचं, म्हणजे सोयीचंच. पण गणपतीत तुतारी एक्स्प्रेसमधून शेकडो माणसं एकदम उतरणार, ती चार-चार करून न्यायची. वर प्रत्येकाकडे एक बोचकं. बाहेरचे रिक्षावाले अजून निर्धास्त आहेत.